फुली माझी, पाणी सोनटक्केचं

आमच्या गल्लीत किस्से घडत नाहीत, बसतात. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तसे. आज बघा, काही नाही. उद्या बघा, काही नाही. आणि एक दिवस खरवडायला जावं तर घासणी तुटते, थर हलत नाही!

कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागं आमची ही गल्ली. गावाचं नाव सांगत नाही, परभणी जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. बाकीचं तुम्ही आमच्याकडं एक अंघोळ केलीत की तुमच्या केसांवरून लोकच ओळखतील. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही जावयासारखं. येणार येणार म्हणून सगळं घर जागं, आणि आलं की अर्ध्या तासात निघालं. बाकीचे दिवस बोअर. आणि आमच्या बोअरच्या पाण्यात अंडं उकडायला टाकलं तर कवच जाड होऊन बाहेर येतं! खोटं वाटत असेल तर अंडी घेऊन या. पाणी आमचं.

मी इथल्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक. शिकवत नाही, पण गल्ली मला 'सर' म्हणते, आणि मी गल्लीला दुरुस्त करत नाही. आता जे सांगणार आहे त्यात शेजारचा एक माणूस सारखा येईल. गंगाधर सोनटक्के, रिटायर्ड एसटी कंडक्टर. भला माणूस. त्याच्या भलेपणाचाच मला त्रास आहे.

*

सहा वर्षांपूर्वी घर बांधायला काढलं तेव्हा बोअर कुठं घ्यायचा, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी, सुमननं, पेडगावहून एक पाणाडी बोलावला. जमिनीतलं पाणी सांगणारा म्हातारा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो प्लॉटभर फिरला. कंपाउंडच्या भिंतीपाशी आला आणि नारळ हातावर उभा राहिला! म्हाताऱ्यानं तिथं चुन्याची फुली मारली. म्हणाला, "सर, इथं गोडं पाणी हाय. लय खोलबी न्हाई."

मी पडलो सायन्सचा माणूस. म्हणालो, "बाबा, नारळानं पाणी लागत असतं तर सरकारनं येलदरीला धरण कशाला बांधलं असतं? नारळाची बाग लावली असती!"

सगळे हसले. म्हाताराही हसला. शिवाय त्या जागी मला गाडीचं शेड करायचं होतं. मी बोअर घेतला प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला. मशीननं दिवसभर धुरळा उडवला, शेजारपाजारच्या वाळवणांवर राखेसारखा थर दिला, आणि दिवस बुडता बुडता पाणी लागलं. मी ओंजळभर तोंडात घेतलं. असं वाटलं की शाळेची पाटी चाटली.

चार महिन्यांनी भिंतीपलीकडच्या प्लॉटवर सोनटक्के आला. भिंतीवरून डोकावून म्हणाला, "सर, ती फुली कशाची हाय हो?"

"अंधश्रद्धेची!" मी ऐटीत सांगितलं.

त्यानं मान डोलावली. आणि भिंतीच्या त्याच्या बाजूला, माझ्या फुलीपासून फक्त हातभर अंतरावर, बोअर घेतला. ऐंशी फुटांवर पाणी. नारळपाण्यासारखं!

पहिला तांब्या घेऊन तो माझ्याच दारात आला. "घ्या सर. फुली तुमची, पहिला मान तुमचा."

मी प्यालो. गोड होतं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखतंय, ते पाणी खराब असल्यामुळं नाही.

*

गल्लीतला गीझर बंद पडला की मुनीरभाई येतो. आमच्या घरी तो इतक्या वेळा येतो की आमचा कुत्रा त्याच्यावर भुंकत नाही, माझ्यावर भुंकतो.

एकदा मुनीरभाईनं गीझर उघडला. मग आतून हातभर लांब, पांढरंफटक, गाठीगाठीचं काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"सर, ये क्या है?"

"कॉइल आहे ना?"

"कॉइल नै सर, हड्डी है! किसकू नहलाते नहलाते अंदर तो नै गिराए?"

त्यानं ती हातोडीनं ठोकली. आत खरंच कॉइल होती, पण करंगळीएवढी. बाकी सगळा आमच्या पाण्याचा चुना. मुनीरभाईनं तो गोळा करून पिशवीत भरला.

"हे कशाला नेतोस बाबा?"

"नवी भिंत बांधरा हूं सर. इत्ता बडिया चुना बाजार में नै मिलता!"

जाता जाता मी त्याला सहज विचारलं, "सोनटक्केच्या गीझरला किती वेळा गेलास?"

"उनका गीझर? उनकू तो मेरा नंबर बी मालूम नै!"

हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. चुन्याचं काही वाटलं नव्हतं.

*

माझी स्कूटर काळी आहे. म्हणजे आरसी बुकात काळी आहे. अंगणातल्या नळावर दर रविवारी धुवायचो. पाणी वाळलं की ठिपके राहायचे. ठिपक्यांवर ठिपके बसले. दोन वर्षांत ती राखाडी झाली, तिसऱ्या वर्षी पांढरी. एकदा परभणीला चौकात पोलिसानं अडवलं.

"कागदं दाखवा." कागदं बघितली, गाडी बघितली, माझ्याकडं बघितलं. "कागदावर काळी, रोडवर पांढरी? चोरीची हाय का?"

"साहेब, चोरीची नाही. धुतलेली आहे!"

"धुऊन गाडी पांढरी होती का कुठं?"

मी नखानं टाकीवर खरवडून दाखवलं. खपली निघाली. खाली काळा रंग. पोलीस वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जिनिंगच्या मागं राहता का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझी सासुरवाडी हाय तिथं. जा तुमी."

घरी आलो तर सोनटक्के त्याची तीस वर्षांची जुनी लूना धूत होता. त्या लूनात माझं तोंड दिसत होतं. चांगलं दिसत नव्हतं.

*

आमच्या गल्लीत कोणाचं पाणी कसं आहे हे विचारावं लागत नाही, सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, नुसती पोहते. सोनटक्केकडं दोन शिट्ट्यांत वरण. आमच्याकडं नऊ. खायचा सोडा टाकला तर सात. आणि नऊ शिट्ट्यांनंतरही ताटात पाणी एकीकडं, डाळ दुसरीकडं, नवरा-बायकोचं भांडण झाल्यासारखी!

रिटायर झाला तरी दोनदा घंटी मारून गाडी सोडायची सोनटक्केची सवय गेली नव्हती. त्याच्या घरात दुसरी शिट्टी झाली की तो ओट्यावरून पेपर न सोडता ओरडायचा, "डबल बेल! चला, जाऊ द्या!" सगळी गल्ली हसायची. तेव्हाही आमचा कुकर सुरूच असायचा. पाचवी... सहावी... सातवी...

"सर," तो भिंतीपलीकडून म्हणायचा, "आमची एक्सप्रेस गेली बरं का. तुमची पॅसेंजर अजून चुडावा स्टेशनातच उभी हाय वाटतं!"

मी दात ओठ खात शिट्ट्या मोजायचो.

पुढं एका महिन्यात चमत्कार झाला. आमचं वरण एकजीव, घट्ट, पिवळंधमक. तिसऱ्या शिट्टीला कुकर बंद! मी दोनदा वाढून घेतलं. म्हणालो, "बघ सुमन, बोअर मुरावा लागतो. मी म्हणत होतो ना, आपलं पाणी हळूहळू सुधरंल!"

"हो ना," सुमन म्हणाली. "कळशीत बसून, भिंत चढून यायलंय."

*

आता जे सांगतोय ते सांगायला नको, पण बसलोच आहे तर सांगतो.

गल्लीतले लोक मला बाटलीत पाणी आणून देतात. लॅबमध्ये तपासायला. तपासणी सोपी असते. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, पाणी लालसर होतं. मग काचेच्या लांब नळीतून औषधाचे थेंब सोडत राहायचं. पाणी निळं झालं की थांबायचं. थोड्या थेंबांत निळं झालं तर पाणी हलकं, जास्त लागले तर जड. माझं स्वतःचं पाणी तपासलं तेव्हा नळी रिकामी झाली, शिपाई चहा पिऊन आला, तरी पाणी लालच!

एकदा सोनटक्केनं मधाच्या धुतलेल्या बाटलीत पाणी आणून दिलं. "सर, बगा जरा. लोक न्यायलेत, उद्या कोणाचं पोट बिघडलं तर आपल्यावर नको."

मी थेंब सोडायला सुरुवात केली आणि, आईशप्पथ, नळीची तोटी फिरवेपर्यंत पाणी निळं! इतकं निळं की मी ते हातात धरून खिडकीपाशी उभा राहिलो. हातभर अंतर. माझी फुली. माझा नारळ. शेड केलं म्हणून...

मी कॉलेजचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं, "पाणी अति जड. पिण्यास व स्वयंपाकास अयोग्य." खाली सही ठोकली. पोरांच्या जर्नलवर मारायचा 'तपासले' असा शिक्का मारला. आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर चार लोकांच्या कानात घातलं, "सोनटक्केच्या पाण्यात दोष आहे. बोलू नका कुठं." म्हणजे दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं.

सोनटक्केनं कागद दोनदा वाचला. माझ्याकडं बघितलं. मग त्याची चार पदरी घडी केली आणि तिकिटाचे पैसे ठेवावेत तसा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

"सर, सही तुमची हाय म्हणल्यावर विषयच संपला."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात पाण्याला येणाऱ्या बायका बंद. मला वाटलं, आता पडलं असेल तोंड. तर हा ओट्यावर पाय पसरून बसलेला! म्हणाला, "बरं झालं सर. लय गर्दी व्हायली होती. तुमच्यामुळं निवांत पेपर वाचायलोय." आणि आतून दोन शिट्ट्या. "डबल बेल!"

संध्याकाळी सुमन कळशी घेऊन निघाली. मी आडवा आलो. "रिपोर्ट वाचला नाही का? अयोग्य आहे ते पाणी!"

"तुमचा रिपोर्ट तुमच्या कॉलेजात," ती म्हणाली. "माझी डाळ माझ्या कुकरात. व्हा बाजूला."

*

आमची पोरगी प्राची परभणीला एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. तिथं येलदरीचा एक कृषी सहायक, खोकला नसताना, तीन महिने खोकल्याचं औषध न्यायला येत होता. शेवटी तिनं विचारलं, त्यानं सांगितलं, आणि प्रकरण रीतसर आमच्यापर्यंत आलं. पोरगा चांगला. घर चांगलं. अडचण एकच, पोराचे वडील!

कदम पाव्हणे. सगळी नोकरी कालव्यावर गेली. पाणी सोडणं, पाणी मोजणं, पाण्यासाठी भांडणाऱ्यांची डोकी शांत करणं. घर बघायला यायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, एक सांगून ठेवतो. आमी जारचं पाणी पीत न्हाई. विकतचं पाणी म्हंजे विकतचं सोंग. घर कळतं ते घरच्या पाण्यावरून. आमच्या बहिणीला असल्याच गावात दिली, बिचारीचे केस गेले, मुतखडा झाला. सून घरी येईल, पण उद्या नातवंडं आजोळी जातील का न्हाई? काय पितील ती?"

मी फोन ठेवला. प्राची माझ्याकडं बघत होती. "पप्पा, काय असंल ते खरं सांगा त्यांना."

"खरंच सांगणार आहे," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

पाव्हणे आले. सुमननं तांब्याभर पाणी दिलं. कुठलं ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं, भिंतीला माहीत होतं. कदमांनी घोट घेतला. गिळला नाही. डोळे मिटून तोंडात फिरवला. मग गिळला.

"कुठलं पाणी हे?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या तोंडून, सहा वर्षांची जळजळ घशाशी येऊन, निघून गेलं, "आपल्याच बोअरचं!"

आतून प्राचीच्या हातातला चमचा पडल्याचा आवाज आला.

जेवताना त्यांनी तीनदा वरण मागितलं. हात धुऊन सुपारी कातरत म्हणाले, "सर, माणूस एकवेळ खोटं बोलंल, पण पाणी बोलत न्हाई. ज्या घराचं पाणी एवढं साफ, त्या घरात लबाड माणूस असूच शकत न्हाई!"

मी मान खाली घालून आणखी वरण घेतलं.

"पुढच्या रविवारी पोराच्या आईला घेऊन येतो," ते दारात म्हणाले. "तिला तुमच्या अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरायचीय. कॅनबी आणतो. पाणी तिच्या मनाला आलं की तिथंच सुपारी फोडू!"

*

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. तांब्यात पाणी बदलता येतं, नळात कसं बदलणार? उपाय एकच. भिंतीपाशी जायचं आणि म्हणायचं, सोनटक्के, चुकलं माझं, एक टाकी पाणी दे.

सोमवारी गेलो आणि त्याच्या लूनाची चौकशी करून परत आलो. बुधवारी गेलो, ऊन फार आहे म्हणालो, परत आलो. शुक्रवारी गेलो.

"काय पायजे सर?"

"काही नाही. पेपर आला का बघायला आलो होतो."

"पेपर तुमच्या हातात हाय की!"

परत आलो. ज्या माणसाचं पाणी मी सही-शिक्क्यानिशी अयोग्य ठरवलं, त्याच्यापुढं त्याच पाण्यासाठी हात पसरायचा? आणि माझ्याच फुलीचं पाणी! सायन्सच्या माणसाला हे जमत नाही.

प्राचीनं मला एवढंच सांगितलं, "पप्पा, ही सोयरीक मोडली ना, तर जन्मभर तुमाला आपल्याच बोअरचं पाणी पाजीन. गाळून सुद्धा देणार न्हाई." बोलताना तिचे डोळे भरले होते, म्हणून मला हसता आलं नाही.

रविवारी सकाळी पाव्हण्यांचा फोन आला, स्टँडवर उतरलो. मी सुमनला म्हणालो, "मोटार जळली म्हणून सांगतो."

"मोटार कशाला जळंल?" सुमन म्हणाली. "जळायलात तुमी. सहा वर्षं झाली." आणि हातातली गोधडी झटकत अंगणात गेली.

कदम पाव्हणे, त्यांच्या मंडळी, हातात वीस लिटरचा कॅन. चहासुद्धा नको म्हणाले, थेट अंगणातल्या नळापाशी. प्राची दाराची चौकट धरून उभी. पाव्हणीनं पदर खोचला, ओंजळ धरली. कदमांनी तोटी फिरवली. मी डोळे मिटले.

पाण्याचा आवाज. मग पाव्हणीचा आवाज, "अगं बाई! खरंच की वो! साखर घातल्यावानी हाय!"

मी डोळे उघडले. पुढं होऊन नळाला तोंडच लावलं. गोड! माझ्या नळाला, माझ्या टाकीतून, गोड पाणी!

तेव्हा मी शेडकडं बघितलं. भिंतीवर सुमनची गोधडी वाळत घातली होती. ओली नव्हती, तरी वाळत होती. तिच्या खालून एक हिरवा पाइप निघून, शेडच्या पत्र्यामागून, वर माझ्या टाकीत गेला होता. भिंतीपलीकडं मोटार चालू होती.

कदमांनी कॅन नळाखाली लावला, खिशातून सुपारी काढली आणि खुशीत भिंतीकडं वळले. पलीकडं सोनटक्के झाडांना पाणी घालत उभा होता.

"राम राम शेजारी! तुमच्याबी बोअरला असंच गोडं पाणी हाय का वो?"

सहा वर्षांचं उट्टं काढायला त्याला एक शब्द पुरे होता. प्राचीनं चौकट आणखी घट्ट धरली.

सोनटक्केनं झाडांचा पाइप खाली ठेवला. हात पुसले. शर्टाच्या आतल्या खिशातून चार पदरी घडीचा एक कागद काढला, उलगडला आणि भिंतीवरून कदमांच्या हातात दिला.

"कसलं गोडं घेऊन बसलात पाव्हणे! आमचं पाणी लय बेकार. हे बगा, सरांनी सवता तपासून लेखी दिलंय, शिक्काबी हाय. आमी तर ह्यांच्याच पाण्यावर जगायलोत! फोडा, फोडा सुपारी. डबल बेल!"